दारात तुटलेली चाल

तुळशीराम रामटेकेने आयुष्यात दीडेक हजार नवरदेव वाजतगाजत मांडवाच्या दारापर्यंत पोचवले. घोटाळा झाला तो एकाच नवरदेवाच्या बाबतीत, आणि तो नवरदेव म्हणजे तो स्वतः.

तुळशीराम रायपूरच्या रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होता. सकाळची पाळी करायची, दुपारी घरी येऊन डोक्यावर दोन तांबे पाणी ओतायचं, आणि लग्नसराई असली की सोनेरी झालरीचा लाल कोट चढवून मिलन ब्रास बँडच्या पहिल्या रांगेत क्लॅरिनेट घेऊन उभं राहायचं, असा त्याचा पस्तीस वर्षांचा शिरस्ता. कारखान्यातले लोक त्याला बँडवाला म्हणत आणि बँडमधले लोक रेल्वेवाला म्हणत. दोन्हीकडे मान होता, त्यामुळे त्याचं काही अडलं नाही.

त्याची एक खोड मात्र शहरातल्या झाडून सगळ्या मांडववाल्यांना ठाऊक होती. लग्नघरी पोचल्यावर तो चहा मागत नसे, पाणीही मागत नसे. "ग्यारह आदमी हैं भैया, ग्यारह कुर्सी," एवढंच म्हणे. दहा खुर्च्या आल्या तर अकरावी येईस्तोवर क्लॅरिनेट पेटीतून बाहेर निघत नसे. एकदा शंकर नगरातल्या एका बड्या यजमानाने "पहले बजाओ, कुर्सी आ जाएगी" असं फर्मावलं. वरात कोपऱ्यावर बारा मिनिटं थांबली, आणि शेवटी ते यजमान स्वतः, सफारी सूट घातलेले, डोक्यावर प्लास्टिकची खुर्ची घेऊन येताना सगळ्या गल्लीने पाहिले.

या खोडीचं मूळ वैनगंगेकाठी, पवनीकडच्या त्याच्या मूळ गावी होतं. त्याचा आजा सनई वाजवायचा. पाटलाच्या घरचं लग्न असलं की त्याच्या सनईशिवाय नवरदेव दारात येत नसे, पण आजाने बसायचं ते उन्हात, भुईवर, आणि त्याची पत्रावळ हातभर लांबून सरकवली जायची. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर तुळशीरामच्या बापाने, धर्माजीने, ती सनई उचलली आणि वैनगंगेच्या डोहात सोडून दिली. आपल्या घरातलं कोणी आता दुसऱ्याच्या दारात भुईवर बसून वाजवणार नाही, असं त्याने ठरवलं आणि रेल्वेची नोकरी धरून तो रायपूरला आला.

सनई बुडाली, पण चाल काही बुडाली नाही. नवरदेव दारात आला की आजा जी चाल वाजवायचा, तिला घरात 'दारची चाल' म्हणत. तिचा पहिला अर्धा भाग म्हणजे वरातीने दारात उभं राहून 'आम्ही आलो' म्हणायचं, आणि दुसऱ्या अर्ध्यात घराने 'या' म्हणायचं. धर्माजी दाढी करताना रोज ती गुणगुणायचा. गालावर साबण असल्याने शब्द फुटायचे नाहीत, फक्त सूर यायचे. तुळशीराम शेजारी दात घासत ते ऐकत मोठा झाला.

रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये क्लॅरिनेट शिकल्यावर त्याला मिलन बँडने बोलावलं, तेव्हा बापाला सांगायची त्याची छाती होईना. शेवटी एकदाचं सांगितलं. धर्माजीने त्याच्या पायांकडे पाहिलं. मग विचारलं, "जोडे घालून वाजवतेत?"

"हो, बाबा."

"बसाले खुर्ची देतेत?"

"देतेत न, बाबा."

हे धादांत खोटं होतं. तुळशीरामने पुढचं सगळं आयुष्य ते खरं करण्यात घालवलं.

आता त्याच्या लग्नाची गोष्ट. अठ्ठ्याऐंशी साली गोंदियाच्या कांताशी त्याचं ठरलं. मिलन बँडची त्या दिवशी दुसरी सुपारी होती, म्हणून गोंदियातलाच एक बँड केला. पांढरे कपडे, डोक्याला फेटा, असा नवरदेव उघड्या जीपमध्ये बसला, शेजारी त्याचा मित्र दिवाकर. वरात स्टेशनाजवळून निघाली आणि पहिल्याच गाण्याला नवरदेवाच्या कपाळावर आठी पडली. क्लॅरिनेटवाला अर्धा सूर खाली वाजवत होता. तुळशीरामने एक चौक सोसला, दुसरा चौक सोसला. तिसऱ्या चौकात तो दिवाकरला म्हणाला, "जागा धरून ठेव बे, आलोच," आणि जीपमधून उतरला.

त्याने त्या माणसाच्या हातून क्लॅरिनेट घेतलं, तोंडाशी फुंकायची पत्ती नीट बसवली, एक सूर लावून पाहिला. तेवढ्यावर परत द्यायला हवं होतं. पण सूर लागला की माणूस लागतोच. तुळशीराम वाजवत राहिला, वरात नाचत राहिली, आणि मांडवाचं दार समोर दिसल्यावर त्याच्या नकळत बोटं दारच्या चालीवर गेली. दाढीच्या आरशासमोर गुणगुणलेली ती चाल इतक्या वर्षांनी पहिल्यांदा चारचौघांत वाजत होती. मागून चालणारा धर्माजी जागच्या जागी थांबला आणि धोतराच्या सोग्याने चष्मा पुसू लागला.

इकडे सासऱ्यांनी रिवाजाप्रमाणे पुढे होऊन जीपमधल्या माणसाच्या गळ्यात हार घातला. जीपमध्ये होता दिवाकर. तो सज्जन माणूस, हार घालणाऱ्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून त्याने हात जोडून "जयभीम" केलं. सासऱ्यांनी त्याला खाली उतरायला हात दिला, एका काकूने पायावर पाणी घातलं. मग कुणीतरी ओरडलं, "अवं, हा नोहे तो!" एकच गलका उडाला. सासरे वाट काढत समोर आले आणि क्लॅरिनेटवाल्याला म्हणाले, "बाजेवाले, जरा सरका, नवरदेव कुठं गेला?" तुळशीरामच्या तोंडात क्लॅरिनेट असल्यामुळे त्याला उत्तर देता येईना.

सासऱ्यांनी फेटा पाहिला, पांढरे कपडे पाहिले, आणि ओळखलं. त्यांनी त्याच्या तोंडातलं क्लॅरिनेट हाताने खाली केलं. "जावई," ते म्हणाले, "बाजा सोडाले आपल्या लोकायनं काय काय सोसलं. अन् तुमी आपल्याच लग्नात बाजेवाले होऊन आले?"

चाल तिथंच तुटली. बँडवाल्यांचा एक नियम असतो: दारात चाल तोडायची नाही. भांडण होवो, नवरदेवाला चक्कर येवो, धरलेली चाल पुरी करायची आणि मगच वाद्य खाली ठेवायचं. तुळशीरामने हा नियम जन्मात एकदाच मोडला, आणि तोही स्वतःच्या लग्नात.

पुढे बरीच वर्षं गोंदियाच्या बाया कांताबाईला चिडवायच्या, 'कांताचा नवरा बाजेवाला.' कांताबाईने मात्र यावर चकार शब्द काढला नाही. भांडणात तिने सगळं काढलं. नणंदेने पळवलेलं पातेलं काढलं, डोंगरगडला हरवलेली छत्री काढली, पण हे कधी काढलं नाही. त्यावरून तुळशीरामने ओळखलं, की हे तिला फारच लागलं आहे. ज्या गोष्टीवर ती बोलत नाही ती गोष्ट गंभीर, हे तो संसारात शिकला होता. म्हणून त्याने दारची चाल पुन्हा कधी वाजवली नाही. धर्माजी गेला, घरातलं गुणगुणणं थांबलं. आपला सगळ्यात लाडका शागीर्द अश्विन यालाही तुळशीरामने ती शिकवली नाही.

आणि मग रीनाचं लग्न ठरलं. रीना त्यांची एकुलती एक पोरगी, नवा रायपूरला एका ऑफिसात कामाला. नवरदेव बीरगांवचा प्रशिक, उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर. प्रशिकच्या बापाने मोठ्या हौसेने वरातीला मिलन बँडच केला. आता अकरा जणांत तुळशीराम नव्हता. निवृत्तीनंतर त्याने आपली जागा अश्विनला दिली होती. पण बँड त्याचाच, पोरं त्याचीच, आणि दार त्याच्या पोरीचं. सुपारीची बातमी आली त्या दिवसापासून त्याची बोटं ताटाच्या काठावर नाचू लागली.

कांताबाईने ती बोटं पाहिली. रात्री जेवण वाढताना तिने वरणाची वाटी हातातच धरून ठेवली.

"एक आयकून ठेवा. रीनाच्या लग्नात कलारनेटले हात लावाचा नाही. दारात पोट्टीचा बाप म्हणून उभं राहाचं, हातात हार घेऊन. शब्द द्या."

"आता त्याले काय शब्द..."

"शब्द द्या, तवा वरण."

तुळशीरामने शब्द दिला. छत्तीस वर्षांनी का होईना, हिने तोंड उघडलं, याचं त्याला वाईटही वाटलं आणि थोडं हायसंही वाटलं. हिच्या बापाच्या दारात केलेलं निदान आपल्या दारात तरी करायचं नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

पण दुसऱ्या दिवशी पलंगाखाली क्लॅरिनेटची पेटी नव्हती. त्याने तांदळाच्या कोठीत पाहिलं, माळ्यावर पाहिलं, कूलरच्या मागे पाहिलं. विचारायची सोय नव्हती, कारण 'हात लावाचाच नाही तर पाहिजे काहून?' हे उत्तर तयारच असणार. रीनाने त्याला स्टूलावर चढलेलं पकडलं. "पापा, मत ढूँढो," ती हसत म्हणाली. "मम्मी ने रखा है तो ठीक ही जगह रखा होगा."

लग्न मेच्या दुसऱ्या रविवारी होतं, सकाळी साडेदहाला, तेलीबांधा तलावाजवळच्या एका भवनात. तुळशीराम सातलाच पोचला. मंचावर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर नीट लागली की नाही हे त्याने पाहिलं, आणि मग थेट दाराशी येऊन बँडसाठी खुर्च्या लावल्या. पाहुण्यांना असतात तशाच, पांढऱ्या खोळीच्या, पंख्याच्या वाऱ्यात, अकरा. तासाभराने पुन्हा मोजल्या तर बारा भरल्या. कोणी एक जास्तीची आणून ठेवली कोण जाणे. त्याने ती उचलायला हात घातला, तेवढ्यात मागून कांताबाईचा आवाज आला, "राहू द्या ते." लग्नाच्या दिवशी एका खुर्चीवरून वाद नको, म्हणून त्याने राहू दिली.

वरात आधी ऐकू आली. बिसाहूचा ढोल तुळशीरामने तलावाच्या वळणावरच ओळखला. बिसाहू छत्तीसगढी माणूस, बापजाद्यांपासून गावागावांत लग्नं वाजवत आलेला, तीस वर्षं तुळशीरामच्या उजव्या हाताला उभा राहिलेला. मग अश्विनचं क्लॅरिनेट आलं. सुरात होतं, अगदी सुरात. तुळशीरामचा ऊर भरून आला आणि बोटं सुटली. हातात झेंडूचा हार होता, दुसरं काही नव्हतं, म्हणून ती हारावरच चालू लागली. प्रत्येक गाण्याबरोबर पाकळ्या गळू लागल्या. वरात दाराशी पोचली तोवर त्याच्या पायाशी झेंडूची रास होती आणि हाराचा अर्धा दोरा उघडा पडला होता.

पण बाप दारात उभा होता आणि नवरदेव गाडीत बसलेला होता. इतकी व्यवस्थित वरात रामटेक्यांच्या घराण्यात पहिल्यांदाच आली होती.

अश्विनने गाणं पुरतं संपवलं, मगच वाद्य खाली केलं. आणि मग जे व्हायचं तेच झालं. बँडवाल्यांत रिवाज आहे, की वाजवत वाजवत उस्तादाच्या दारात आलं, की शागिर्दाने आपलं वाद्य दोन्ही हातांनी उस्तादापुढे धरायचं. उस्ताद दोन बोल वाजवतो आणि परत देतो. न वाजवता परत दिलं, तर त्याचा अर्थ, तुझं वाजवणं मला पसंत नाही. अश्विन दोन पावलं पुढे आला, वाकला आणि त्याने क्लॅरिनेट समोर धरलं. "उस्ताद, दो बोल."

सगळी वरात थांबली. प्रशिकचा बाप हौसेने पुढे सरकला, पाहुण्यांनी मोबाईल वर धरले.  घेतलं तर कांताचा शब्द मोडतो, न घेतलं तर पोरगं भर वरातीत तोंडघशी पडतं. त्याने अश्विनच्या डोक्यावर हात ठेवला.

"बेटा, तू फार चांगला वाजवला. माझ्याहून चांगला वाजवला. पण मी आज घरी शब्द देऊन आलो. मले माफ कर."

अश्विनने मान हलवली, पण चेहरा उतरलाच. बिसाहूने ढोल खांद्यावरून जरासा खाली घेतला.  तुळशीराम उरलासुरला हार घेऊन पुढे झाला, प्रशिकच्या बापाच्या गळ्यात घातला, गळाभेट घेतली, जयभीम केलं. मग प्रशिकला गाडीतून हात धरून उतरवलं आणि त्याच्या गळ्यात दुसरा हार घातला. नीट चेहरा पाहून घातला.

"झाला हार?" मागून कांताबाईने विचारलं.

पांढऱ्या साडीत ती दाराच्या आत उभी होती. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने टॉवेल सोडला. आत त्याचं क्लॅरिनेट होतं, जोडून तयार, पत्तीसुद्धा बसवलेली, थोडी वाकडी.

"घ्या," ती म्हणाली.

"अवं, तूच त हात लावाले नाही म्हटलं होतं."

"नाही म्हटलं नसतं त तुमी तलावापासूनच वाजवत आले असते. अन् इथं व्याह्याच्या गळ्यात हार दिवाकरभाऊनं घातला असता."

दिवाकर तिथंच उभा होता, पांढऱ्या केसांचा, आणि आजही नाही म्हणायला तयार नव्हता. वरातीत हशा पिकला. तुळशीराम हसला नाही. तो बायकोकडे बघत राहिला.

"तुले राग होता न त्याचा? बाया चिडवत होत्या तुले."

"बाया हासून राहिल्या होत्या. मी वरच्या खोलीत होती, मी आयकून राहिली होती. इतकं चांगलं मी जन्मात आयकलं नव्हतं. अन् बाबायनं मधातच बंद केलं." कांताबाईने टॉवेल खांद्यावर टाकला. "छत्तीस वर्सं झाले. पुढं काय आहे ते मले अजून मालूम नाही."

"मग इचारलं काहून नाही?"

"तुमी वाजवली काहून नाही?"

 दोघंही एकाच घरात, एकाच गोष्टीवर, एकमेकांना जपत छत्तीस वर्षं गप्प बसले होते. त्याने क्लॅरिनेट घेतलं, वाकडी पत्ती सरळ केली, आणि आधी अश्विनकडे वळून म्हणाला, "नीट आयक. हे तुले शिकवाचं राहिलं."

आणि त्याने दारची चाल धरली.

पहिली ओळ जराशी चाचरली. बासष्टीचा श्वास तो, सव्विशीतला कसा असेल? पण दुसऱ्या ओळीला घर सापडलं. बिसाहूने एक आवर्तन नुसतं कान देऊन ऐकलं, मग होकाराचं "हव" असं स्वतःशीच म्हणत ढोलावर हलकेच हात टाकला. त्यांच्या गावाकडे वरात दारी येताना मोहरीवर, म्हणजे त्यांच्या सनईवर, वाजतं त्याच्या अगदी जवळचं काहीतरी त्याला त्यात ओळखू आलं होतं. आतून रीना, नवरीने बाहेर यायचं नाही हे सगळ्यांनी बजावलेलं असताना, पायरीपर्यंत आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. मंचाजवळ लग्न लावायला आलेल्या भंतेजींनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

चाल चढत चढत त्या जागी आली. तिथं, गोंदियाच्या दारात तुटली होती त्याच सुरावर, तुळशीरामचा श्वास आपोआप थांबला. त्याने क्लॅरिनेट खाली केलं. वरातीला वाटलं संपलं. टाळ्या सुरू झाल्या, शिट्ट्या सुरू झाल्या, प्रशिकच्या बापाने खिशातून नोट काढून ओवाळायला घेतली.

कांताबाई जागची हलली नाही. तिने टाळी वाजवली नाही.

"पुढं," ती म्हणाली.

टाळ्या थांबल्या. तुळशीरामने तिच्याकडे पाहिलं, खोल श्वास घेतला आणि चालीचा दुसरा अर्धा भाग वाजवला. तो भाग तसा साधाच आहे. सूर खाली उतरत येतात, घाई करत नाहीत. दार उघडतं, कुणीतरी या म्हणतं, पाणी देतं, बसा म्हणतं, एवढंच त्यात आहे. त्याचा आजा हे 'या' भुईवर बसून वाजवायचा, आणि ते त्याला स्वतःला कुणी कधी म्हटलं नाही. तुळशीराम रडत होता आणि वाजवत होता, आणि सूर तरीही हलला नाही. शेवटचा सूर त्याने पुरा होईपर्यंत धरला, आणि मगच वाद्य खाली केलं.

अश्विनने खाली वाकून त्याच्या पायाला हात लावला. दिवाकर हुंदके देत होता आणि का, ते त्याला सांगता येत नव्हतं. कांताबाईने पदराने आधी स्वतःचे डोळे पुसले, मग त्याच पदराने नवऱ्याचे.

"असं होय," ती म्हणाली. "चांगली आहे."

अकरा जण एकेक करून खुर्च्यांवर बसले, त्यांच्या हातात पन्ह्याचे गार ग्लास आले. एक खुर्ची उरली. कांताबाईने तुळशीरामला दंडाला धरून त्या बाराव्या खुर्चीकडे नेलं आणि हातात ग्लास दिला.

"दोन मिनिटं बसा इथं आपल्या लोकायत," ती म्हणाली. "आपलं लगन आता झालं. मग पोट्टीचं लावू."